वेताळाचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीला कुलूप लावीत होतो. इतक्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण छत्री मिटीत पुढे आला. लहानपणी वेदीसेवक म्हणून त्याने कितीतरी मिस्सांना घंटा वाजविली होती. आता तो अंधेरीतील एका कचेरीत दूरदर्शन मालिकांचे संवाद लिहितो. पिशवीतून त्याने काळ्या वेष्टनाचे एक जाडजूड चित्रकथेचे पुस्तक काढले आणि आमच्या हाती दिले.

"फादर, याची मालिका करायची आहे. आठ भाग. तिसऱ्या भागात एक धर्मगुरू मुलीच्या अंगातलं भूत काढतो. तेवढा प्रसंग तुम्ही वाचून पाहा. चुका राहायला नकोत."

पुस्तक परत देऊन मोकळे व्हावे असे प्रथम मनात आले. परंतु ज्या मुलाच्या हातात आम्हीच धूपपात्र दिले, त्याने आणलेले पुस्तक न उघडताच परत करणे बरे दिसले नसते. त्या रात्री जेवणानंतर आम्ही ते वाचावयास घेतले आणि खरे सांगावयाचे तर संपवूनच खाली ठेवले. चित्रे फार समर्थ होती. अंधारी खोली, खाटेला बांधलेली मुलगी, भिंतीवर सरकणाऱ्या सावल्या, आणि उंचापुरा, तरणाबांड धर्मगुरू क्रूस उंचावून लॅटिन भाषेत गर्जत आहे. त्या धर्मगुरूला मधुमेह नव्हता. त्याच्या मंदिराचे छप्पर गळत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभाही नव्हती! आम्हांला हसू आले. पण पुस्तक मिटल्यावर काहीतरी सलत राहिले. काय सलत आहे हे मात्र त्या रात्री उमगले नाही.

वाचकहो, कागदावरच्या भुतांशी आमची ओळख जुनी आहे. मरोळच्या गावठाणात आमचे बालपण गेले. घरात पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली अखंड जळणारा तांबडा दिवा, आणि रद्दीवाल्याकडून आणलेल्या 'चांदोबा'च्या अंकांची चळत. मद्रासहून निघणारे हे मासिक १९५२ पासून मराठीत येत असे. त्यात विक्रम आणि वेताळाची एक कथा ठरलेली. शंकर या चित्रकाराने काढलेले तिचे चित्र आमच्या पिढीतील कोण विसरेल? हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारे प्रेत, भोवती स्मशान, आणि तरीही ताठ मानेने चाललेला राजा. रात्रीची जपमाळ झाल्यावर आम्ही भावंडे दिव्याच्या त्या तांबड्या उजेडात हे चित्र पाहत असू. आई रागावत नसे. "वाचा, पण झोपताना क्रूसाची खूण करा," एवढेच म्हणे.

मूळ 'वेताळ पंचविशी' फार जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात ती समाविष्ट आहे. पंचवीस कथा संपल्यावरही 'चांदोबा'ने वेताळाला निवृत्त केले नाही. नवनव्या कथा रचून तो दशकानुदशके राजाच्या खांद्यावर बसविला. आणि वेताळ म्हणजे केवळ भूत, असेही आपल्याकडे नाही. गोव्यात आणि कोकणात तो गावाचा राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाले चर्मी जोडे वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो अशी त्यांची श्रद्धा. आमची श्रद्धा वेगळी. तरी रात्री कोणीतरी आपल्यासाठी जागा आहे या भावनेतील माणूसपण ओळखू येते.

१९८५ साली रामानंद सागर यांनी या वेताळाला दूरदर्शनवर आणले. सागर यांचे ठाण तेव्हा अंधेरीच्या नटराज स्टुडिओत, म्हणजे आमच्या गावठाणापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही तेव्हा शालान्त परीक्षेच्या वयाचे. आळीत एका घरी संच होता. तेथे दाटीवाटीने बसून आम्ही 'विक्रम और बेताल' पाहिले. अरुण गोविल राजा झाले होते आणि सज्जन हे बुजुर्ग नट वेताळ. पुढे १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा त्याच गोविलांना रामाच्या रूपात पाहून आमची आजी चक्रावून गेली होती. कालपरवापर्यंत स्मशानात प्रेत वाहणारा राजा आज अयोध्येचा राम!

पहिल्या भागाला आमची थोडी निराशा झाली. कागदावरचे चित्र स्थिर असते. ते किती वेळ पाहावे, पान केव्हा उलटावे, हे वाचणाऱ्याच्या हाती. भीती वाटली तर मासिक मिटून ठेवता येते. धीर आला की पुन्हा उघडता येते. पडद्यावर वेळ आपला राहत नाही. शंकरांच्या चित्रात वेताळाचा आवाज ज्याने त्याने आपल्या कानाने ऐकावयाचा. पडद्यावर सर्वांना एकच आवाज, एकच हास्य. त्या काळच्या चलच्चित्रकरामतीही आजच्या मानाने बाळबोध होत्या.

तथापि ती मालिका लोकांच्या मनात राहिली. का राहिली, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ वेळा केला आहे. सागर यांनी प्रेत ठेवले, स्मशान ठेवले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न ठेवला. वेताळ राजाला घाबरवून थांबत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात खरा अपराधी कोण? अधिक थोर कोण? उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. आणि बोललास तर मौन मोडले म्हणून मी चाललो झाडावर! राजा प्रत्येक वेळी बोलतो. हातातले काम निसटले तरी चालेल, पण न्यायाचे उत्तर ठाऊक असताना गप्प राहणे नाही. आमच्या आळीतील थोरमंडळी राजाने उत्तर देण्याच्या आधीच आपापसांत वाद घालू लागत. भुताच्या गोष्टीतून माणसे न्यायान्यायाचा खल करीत होती. भयकथेला याहून मोठे यश ते कोणते?

आठवडाभराने तो तरुण पुन्हा आला, तेव्हा आम्ही त्याला हे सारे ऐकविले. त्याने निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, माझ्या डोळ्यांपुढे दुसरं उदाहरण आहे." मग त्याने आपल्या संगणकावर आम्हांला 'कॉन्स्टंटाइन' या अमेरिकन मालिकेचे काही भाग दाखविले. भुताखेतांशी झुंजणारा जॉन कॉन्स्टंटाइन हा इंग्रज मांत्रिक. चित्रकथेत तो प्रथम अवतरला १९८५ साली, म्हणजे आमचा वेताळ दूरदर्शनवर आला त्याच वर्षी! १९८८ पासून 'हेलब्लेझर' या नावाने त्याची स्वतंत्र चित्रकथा सुरू झाली आणि २०१३ पर्यंत तिचे तीनशे अंक निघाले. २०१४ साली एनबीसी या वाहिनीने तिची मालिका केली. तेरा भागांनंतर ती बंद पडली. चित्रकथेतील नायक एकामागून एक सिगारेटी ओढणारा. घरोघर दिसणाऱ्या वाहिनीवर हे कसे दाखवावे, हा निर्मात्यांपुढे पेच. म्हणून त्याचे धूम्रपान पडद्यावर बरेचसे आवरते घ्यावे लागले. मूळ वाचकांपैकी अनेकांना ते रुचले नाही.

आम्हांला सिगारेटीचे काही वाटले नाही. आम्हांला धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. तारुण्याच्या गर्वात या मांत्रिकाने न्यूकॅसल शहरी एका लहान मुलीला वाचविण्यासाठी मंत्रविद्येचा प्रयोग केलेला असतो. तो फसतो, आणि ती मुलगीच नरकात ओढली जाते. मालिका सुरू होते तेव्हा हा गृहस्थ मनोरुग्णालयात, स्वतःहून दाखल झालेला. पुढे तो शेकडो भुते हाकलील, पण त्या एका मुलीचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरत नाही.

तो तरुण मालिकेच्या मांडणीविषयी बोलत होता. आमचे लक्ष उडाले होते. त्याने विचारले, "काय झालं, फादर?" आणि पंचवीस वर्षे कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट आम्ही त्या मुलाला सांगून बसलो. ती येथे लिहीत आहोत ती संबंधित व्यक्तीच्या अनुमतीने. धर्मग्रामाचे नाव देत नाही. मुलुंडच्या बाजूची एक वस्ती, एवढे पुरे.

गुरुदीक्षा होऊन आम्हांला दोनच वर्षे झाली होती. एक आई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी मधूनच ताठ होई, डोळे फिरवी, तोंडाला फेस येई, कपडे ओले होत. शेजारणींनी सांगितले होते, बाहेरची बाधा आहे. आम्ही मुलीच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. मुलगी शांत झाली. झटका ओसरल्यावर ती शांत होणारच होती! पण वस्तीत बोलबाला झाला की नव्या फादरांच्या हाताला गुण आहे. पुढील शुक्रवारी आई तिला पुन्हा घेऊन आली, आणि त्यापुढील शुक्रवारी पुन्हा.

आता मुख्य गोष्ट. हे फेफरे आहे, हे आम्हांला पहिल्याच दिवशी कळले होते. आमच्या सख्ख्या मामांना तो आजार होता. ताठ झालेल्या अंगाला कुशीवर कसे वळवावे, हे आम्ही दहाव्या वर्षापासून जाणत होतो. "बाई, उद्याच्या उद्या हिला इस्पितळात न्या," हे एक वाक्य बोलावयाचे होते. ते आम्ही बोललो नाही. आईची श्रद्धा दुखवेल, असे स्वतःला सांगितले. परंतु कुमसाराच्या जाळीपलीकडून आयुष्यभर इतरांची कारणे ऐकणाऱ्याला स्वतःचे कारण ओळखता येऊ नये काय? हाताला गुण असलेला फादर होणे आम्हांला आवडू लागले होते. पाचव्या शुक्रवारी ती आली नाही. स्वयंपाक करताना झटका येऊन ती पेटत्या स्टोव्हवर पडली होती. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. इस्पितळात आजाराचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या, झटके आटोक्यात आले. आमची वर्षभरात बदली झाली.

ख्रिस्तसभा याबाबतीत स्पष्ट आहे. धर्मप्रांताच्या अधिपतींच्या खास अनुज्ञेवाचून कोणाही धर्मगुरूला भूतनिरसनाचा विधी करता येत नाही, असे धर्मसभेच्या कायद्याचे ११७२ वे कलम सांगते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीतही आजाराला बाधा समजू नये, वैद्यकाच्या व मनोविकाराच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा, अशी ताकीद आहे. ही ताकीद कशी आली हे जाणणाऱ्याला जर्मनीतील ॲनेलीस मिशेल आठवते. अपस्माराचे निदान झालेल्या या तरुणीवर महिनोन्महिने विधी चालले आणि १ जुलै १९७६ रोजी उपासमारीने कृश होऊन ती मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना दोषी ठरविले. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. आमचा अपराध त्याच्या कलमांत बसला नसता, कारण आम्ही कोणाला मारले नाही, बांधले नाही, पैसे घेतले नाहीत. आम्ही फक्त गप्प राहिलो. वेताळाच्या कायद्यात मात्र तो बसतो.

सैतानाचे अस्तित्व आम्ही नाकारीत नाही. ख्रिस्तसभेची ती शिकवण आहे. परंतु मार्कलिखित शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचकांनी पुन्हा पाहावा. एक बाप झटके येणाऱ्या आपल्या मुलाला प्रभूकडे आणतो. मुलगा जमिनीवर गडबडा लोळत आहे, भोवती गर्दी जमत आहे. अशा वेळी प्रभू गर्जना करीत नाही. तो प्रथम बापाकडे वळून विचारतो की, याला हे केव्हापासून होते? कोणताही चांगला वैद्य जो प्रश्न विचारील, तोच. आणि बाप सांगतो की लहानपणापासून होते, कित्येकदा विस्तवात पडला, पाण्यात पडला. त्या विस्तवाचा उल्लेख आला की आमचा आवाज आजही मिस्सेत अडखळतो.

त्या चित्रकथेत काय सलत होते, ते अशा रीतीने आमच्या ध्यानात आले. आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "अरे, तुझा धर्मगुरू ओरडतो, क्रूस दाखवतो, घाम पुसतो, पण अख्ख्या पुस्तकात तो कोणाला काही विचारत नाही. मुलीला नाही, तिच्या आईला नाही. वेताळसुद्धा विचारतो! प्रश्न नसलेली भयकथा म्हणजे नुसतं प्रेत, बाळा. ते खांद्यावर घेऊन तू आठ भाग कसा चालणार?"

आणखीही एक सूचना केली. मालिकेचा आरंभ एका भग्न ख्रिस्तमंदिरात होणार होता. अंधेरीच्या सीप्झमधील संत योहान बाप्तिस्ताच्या मंदिराचे अवशेष त्याच्या मनात होते. सोळाव्या शतकात येशूसंघीयांनी बांधलेल्या त्या मंदिराबद्दल भुताखेतांच्या वावड्या पुष्कळ उठतात. आमचे पूर्वज तेथेच मिस्सेला जात. कोंडिवित्याची ती वस्ती साथीच्या रोगाने उजाड झाली, आणि १८४० च्या सुमारास उरलेली माणसे आपल्या मंदिरातील चीजवस्तू घेऊन मरोळला आली. ते मंदिर भुतांनी ओस पाडले नाही, रोगाने पाडले. तापलेल्या लेकराला कडेवर घेऊन घर सोडणाऱ्या आईच्या मनातील भीती दाखविता आली, तर पडद्यावर वटवाघळे सोडावी लागणार नाहीत.

तो टिपणे घेत होता. लिहिता लिहिता थांबला आणि मान वर न करताच त्याने विचारले, "फादर, त्या मुलीला तुम्ही हे कधी सांगितलंत?"

आम्ही गप्प राहिलो. सोमदेवाच्या कथेत राजा एकदाच गप्प राहतो, शेवटच्या प्रश्नाला, कारण त्याचे उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नसते. वेताळ त्या प्रामाणिक मौनावर प्रसन्न होतो. आमचे मौन त्या जातीचे नव्हते.

तिचा पत्ता मिळविण्यास महिना गेला. ती आता घाटकोपरला राहते. नवरा रेल्वेत, मुले दोन. दार उघडताच तिने ओळखले, "फादर, या ना," म्हणून खुर्ची पुढे केली आणि चहा ठेवला. उकाड्याचे दिवस, तरी बाह्या मनगटापर्यंत लांब होत्या. आम्ही चहा येण्याआधीच बोलून टाकले, कारण चहा घेतल्यावर धीर झाला नसता. तिला बाधा कधीच नव्हती. तो आजार होता. आम्हांला पहिल्या दिवशीच कळले होते. आम्ही सांगितले नाही. तिची क्षमा मागितली.

ती बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. मग म्हणाली, "गोळ्या घेते म्हणून झटके येत नाहीत, हे कळतं फादर. पण मला वाटायचं, आधी काहीतरी होतंच माझ्यात. नाहीतर फादरनी पाणी कशाला शिंपडलं असतं? पोरीला जवळ घेऊन झोपायलासुद्धा भ्यायचे मी, ती तान्ही असताना."

भाजलेला हात आम्ही पंचवीस वर्षे आठवीत होतो. ही दुसरी जखम आम्हांला ठाऊकच नव्हती. कागदावरचे भूत पान मिटले की मिटते, पडद्यावरचे कळ दाबली की विझते. पण धर्मगुरूने एकदा शिंपडलेले भय असे माणसाच्या अंथरुणापर्यंत जाते.

"नव्हतं," आम्ही म्हणालो. "तुझ्यात कधीच काही नव्हतं."

तिने चहा गाळला. क्षमा केली की नाही, हे ती बोलली नाही. आम्हीही पुन्हा विचारले नाही. निघताना मात्र तिने धाकट्या मुलीला हाक मारून पुढे केले आणि म्हणाली, "फादर, हिला आशीर्वाद द्या." आम्ही त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. आमचा हात कापत होता.

त्या तरुणाने प्रसंग नव्याने लिहिला. त्यात धर्मगुरू खोलीत शिरतो, क्रूस खिशातच ठेवतो, मुलीच्या आईशेजारी बसतो आणि विचारतो, हे केव्हापासून होते. कचेरीतील वरिष्ठांचे म्हणणे पडले की यात काही घडतच नाही. पुष्कळ रदबदलीनंतर तो प्रश्न तेवढा शिल्लक राहिला आहे, असे त्याने परवा मिस्सेनंतर सांगितले. मालिका केव्हा पडद्यावर येईल, येईल की नाही, हे त्यालाही ठाऊक नाही. आली तर पाहावयास बोलाव, असे आम्ही त्याला सांगून ठेवले आहे.